गळाचा धागा : जाडी आणि बळ

अड्यार नदी चेन्नई शहराच्या दक्षिण भागात बंगालच्या उपसागरास मिळते. मुखापाशी वाळूचा बांध साचतो व त्याच्या आत मचूळ पाण्याची उथळ खाडी पसरते. अशा पाण्यात लहान मासा धरण्यास हलका गळ दूरवर फेकावा लागतो. त्यासाठी छोट्या रिळावर कोणता धागा गुंडाळावा?

धागा जितका जाड तितका चांगला, असा सामान्य समज आहे. पदार्थविज्ञान निराळे सांगते. धाग्याचे बळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तर ताठरपणा चतुर्थ घाताच्या प्रमाणात. व्यास दुप्पट केल्यास बळ ४ पट होते, परंतु ताठरपणा १६ पट. आणि रिळावर पूर्वीच्या एक चतुर्थांश लांबीचाच धागा मावतो. फेकीच्या वेळी हे रीळ फिरत नाही. धागा त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटतो. ताठर वेटोळी कडेस घासतात आणि गळ जवळच पडतो.

नायलॉन १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत निर्माण झाले. त्याच्या एकपदरी धाग्यास मराठीत तंगूस म्हणतात. तंगूस ताणाखाली लांबतो, म्हणून माशाचा हिसका सोसतो. मात्र पाणी शोषून तो काहीसा दुर्बल होतो. म्हणून त्याचे बळ ओल्या स्थितीत अजमावावे.

अतिबारीक तंगूसही हितकर नव्हे. तो तुटल्यास गळ माशाच्या तोंडी राहतो, आणि वर्षानुवर्षे न कुजणारा तुकडा खाडीतील पक्ष्यांच्या पायांस फास ठरतो. सारांश, अपेक्षित माशास पुरेल एवढाच जाड धागा निवडावा, व तुटलेले तुकडे वेचून परत न्यावेत.