साठच्या वर

दूरच्या रुग्णाची नाडी, श्वास, ताप सगळं डॉक्टरांच्या फोनवर दिसतं, असं एका परिषदेत रंगवून सांगितलेलं ऐकलं होतं. जंगलात ते कसं चालतं बघावं म्हणून गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात एका आशाताईंच्या मागे निघालो. एप्रिल होता. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. त्यांचा गोड-आंबूस वास थेट बाळंतिणीच्या खाटेपर्यंत.

बाळ सात दिवसांचं. हात धुणं, वजन, काखेतला थर्मामीटर भराभर उरकलं. मग ताई आईशी गोंडीत दोन शब्द बोलल्या आणि नुसत्याच बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "पिऊन राह्यलं ना. आता मोजलं तं चुकते जी."

बाळ निजल्यावर त्यांनी दुपटं बाजूला केलं आणि नजर पोटावर रोवली. पोट वर आलं की एक. नवजात बाळाचा श्वास मध्येच थबकतो, मग भरभर चालतो. म्हणून पाव मिनिट मोजून चारने गुणायची पळवाट नाही. बावन्न भरले. "साठच्या वर गेला तं पुन्हा मोजाचा. पुन्हाही साठ, तं गाडी बोलवाची."

हा साठचा आकडा इथला जुना आहे. 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी निरक्षर सुईणींसाठी श्वासमापक केला होता: मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनियाची शंका. ना बॅटरी, ना रेंज. पुढे ३९ गावांत घरीच नवजात बाळांची काळजी घेतली गेली. तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९च्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

ताईंनी बावन्न फोनमध्ये भरले. रेंज नव्हती. नोंद फोनमध्ये साठून राहते, रेंज मिळाली की पुढे जाते. वजनाच्या नोंदीला तेवढं चालतं. साठच्या वरच्या श्वासाला नाही चालत. पावसाळ्यात ओली पानं लहरी आणखी शोषतात, वीज गेली की टॉवरही किती वेळ तग धरेल सांगता येत नाही. परिषदेत सांगितल्यासारखी श्वास मोजून कळवणारी पट्टी बाळाला बांधली आणि शहरातल्या पडद्यावर काहीच आलं नाही, तर बाळ ठीक आहे की पट्टी गप्प आहे? पट्टीने दर काही मिनिटांनी 'मी चालू आहे' एवढं तरी कळवत राहावं लागतं. ते कळवणं थांबलं की कुणीतरी उठून जाऊन बघायचं. त्या परिषदेत या 'कुणीतरी'चा विषय निघाला नव्हता.

निघताना ताई बाळाच्या आजीजवळ थांबल्या. गोंडीत काय सांगितलं ते मी वाटेत विचारलं.

"पिणं सोडलं, नाही तं पोट भरभर हाललं, तं फोन लावत बसू नोको म्हटलं. पोऱ्याले सायकलनं माह्या घरी धाड."

तलावाच्या पाळीवर त्यांनी फोन उंच धरला. बराच वेळ एक चक्र नुसतं फिरत राहिलं.