नियम पोटात बाळगणारी साखळी

जुलै २०१६ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनचे दोन तुकडे झाले. 'द डाओ' या निधीतून लंपास झालेलं इथर हे चलन परत मिळवण्यासाठी नियम बदलायचे ठरले. ज्यांना हे पटलं नाही, त्यांनी जुनंच सॉफ्टवेअर चालू ठेवलं आणि इथेरियम क्लासिक ही वेगळी साखळी उभी राहिली.

इथेरियमचे एक सहसंस्थापक गॅविन वुड यांनी त्याच वर्षी पोल्काडॉट या नव्या साखळीचा आराखडा मांडला. त्यात नोडचं, म्हणजे साखळी चालवणाऱ्या प्रत्येक संगणकाचं, सॉफ्टवेअर दोन भागांत विभागलेलं आहे. इतर नोडशी बोलणं, डेटा साठवणं, कोणता ब्लॉक खरा यावर एकमत करणं ही कामं बाहेरच्या भागाची. शिल्लक, शुल्क, मतदान यांचे नियम आतल्या 'रनटाइम'मध्ये, तेही 'पॅलेट' नावाच्या सुट्या भागांत. खरी मेख पुढे आहे: हा रनटाइम वेबअसेम्ब्ली या कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या कोडच्या रूपात साखळीच्याच साठ्यात ठेवलेला असतो. जमाखर्चाच्या वहीतच तो कसा लिहायचा याचं पान असावं, तसा. पान बदललं की पुढचा ब्लॉक, म्हणजे साधारण ६ सेकंदांनी, नव्या नियमांनी चालतो.

पान बदलण्याची रीत मोठी चोख आहे. मतदान होतं ते नव्या कोडच्या ३२ बाइटच्या हॅशवर, म्हणजे त्याच्या डिजिटल ठशावर. मूळ कोडपासून तोच हॅश निघतो का, हे कोणालाही आपल्या संगणकावर पडताळता येतं. मंजुरीनंतर कोड कोणीही सादर करावा. हॅश जुळला तरच तो लागू होतो. धास्ती असते ती जुन्या नोंदींची. साठ्याची रचना बदलली, तर लाखो नोंदी नव्या साच्यात ओताव्या लागतात, आणि ते काम एका ब्लॉकमध्ये मावलं नाही तर साखळी अडकू शकते. म्हणून चालू डेटाच्या नकलेवर आधी तालीम होते. शिवाय बरेच बदल आधी कुसामा या भावंड-साखळीवर उतरतात. तिथेही खरे पैसे असतात, त्यामुळे चुका लपत नाहीत.

मे २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा पोल्काडॉटची साखळी तिच्यामागच्या वेब३ फाउंडेशन या संस्थेच्या हाती होती. नियंत्रण टोकनधारकांकडे गेलं, पुढे डिसेंबर २०२१ मध्ये पॅराचेन, म्हणजे तिला जोडलेल्या समांतर साखळ्या, आल्या. सगळं चालत्या गाडीत.

मला मात्र एक गोष्ट खटकते. बिटकॉइनमध्ये नोडचालकाला 'मी नवं बसवत नाही' असं म्हणता येतं. इथे मतदान हरलेल्याच्या संगणकावरही नवा नियम आपसूक चालू लागतो. विरोध करायचा तर नोडच बंद करायचा. फाटाफूट टळते, पण नकाराची ताकद चालकाकडून टोकनधारकाकडे सरकते.

बाहेरचा भाग तर आजही हातानेच बदलावा लागतो, ज्याने त्याने आपल्या सवडीने. २४ मे २०२१ रोजी मात्र सवड नव्हती. वॅलिडेटरांच्या, म्हणजे ब्लॉक बनवणाऱ्या-तपासणाऱ्या चालकांच्या, निवडणुकीचं गणित साखळीवरच करायची वेळ आली आणि वेबअसेम्ब्लीला दिलेली मेमरी पुरेना. ब्लॉक थांबले, तासाभराहून अधिक काळ. ब्लॉकच बनत नव्हते, तर आतून नियम बदलणार कसे? शेवटी चालकांना गाठून सॉफ्टवेअर बदलायला सांगावं लागलं.