खडकाबरोबर घरी आलेले जीव

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी मांडणाऱ्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत जे अनुभव येतात, त्यांत सर्वांत विलक्षण हा, की ज्याचे मोल आपण दिलेले नाही, ज्याची नोंद दुकानदाराच्या पावतीवर नाही आणि ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, असे काहीतरी जिवंत काचेआड वाढू लागलेले एके सकाळी दृष्टीस पडते. कधी तो खडकाच्या फटीतून डोकावणारा तपकिरी, पारदर्शक फुलोरा असतो, कधी काचेवर उमटलेली चिमुकली पांढरी वेटोळी, कधी हिरव्या मण्यासारखा चकाकणारा फुगा, तर कधी दिवा मालवल्यावर ऐकू येणारा नुसताच टकटक आवाज.

या आगंतुकांचा उगम बहुधा त्या दगडात असतो, ज्याला या छंदातली मंडळी ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात. मृत प्रवाळांच्या चुन्याच्या सांगाड्यांचा हा सच्छिद्र खडक स्वतः निर्जीव असला, तरी त्याच्या छिद्राछिद्रांत वस्ती करून राहिलेले जिवाणू माशांच्या उत्सर्गातील घातक अमोनियाचे क्रमाक्रमाने नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. म्हणूनच इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१च्या सुमारास या दगडावर विसंबलेली नैसर्गिक पद्धत लोकांपुढे मांडल्यानंतर पाश्चात्त्य हौशी लोकांनी ती हळूहळू आपलीशी केली. परंतु समुद्रातून आलेला दगड एकटा येत नाही. स्पंज, कृमी, गोगलगाई, खेकडे आणि शैवले यांचा संसार त्याच्या पोटात असतो. कोरडा, निर्जंतुक दगड वापरणाराही यातून सुटत नाही, कारण प्रवाळाच्या विकत आणलेल्या इवल्याशा फांदीच्या बुडाशी यांतले कोणीही चिकटून येऊ शकते.

अशा वेळी माणसाचा हात प्रथम चिमट्याकडे जातो, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक येथेच होते. ओळखीची खातरजमा झाल्यावाचून कोणालाही हद्दपार करू नये. तो जीव दिवसा दिसतो की रात्री, जागा बदलतो की एकाच ठिकाणी रुजून राहतो, काडीचा हलका स्पर्श होताच अंग आखडून घेतो की निश्चल राहतो, आठवडाभरात एकाचे दोन होतात की नाही, हे सारे वहीत टिपावे, आणि रात्री तांबड्या उजेडाची विजेरी वापरावी, कारण निशाचर जीव त्या उजेडाला सहसा बिचकत नाहीत. एवढा तपास केला तरी निम्म्या शंका मिटतात. काचेवरची पांढरी वेटोळी म्हणजे एक-दोन मिलिमीटरच्या नलिकेत राहून पाणी गाळणारे निरुपद्रवी कृमी निघतात, धावणारे पांढरे ठिपके म्हणजे माशांचे उत्तम खाद्य असलेले कोपेपॉड, आणि तो हिरवा मणी म्हणजे व्हॅलोनिया, म्हणजे डोळ्यांना सहज दिसणारी एकच एक पेशी! तो मणी मात्र न फोडता सगळाच उचलून काढावा.

तपकिरी फुलोऱ्याची गोष्ट वेगळी आहे. आयप्टेशिया नावाचे हे लहानसे समुद्रपुष्प आपल्या दंशाने शेजारच्या प्रवाळांना जेरीस आणते, आणि खरवडून काढू पाहणाऱ्याचे कष्ट वाया घालवते, कारण त्याच्या पायाचा मागे राहिलेला तुकडाही नवे शरीर धारण करतो. बर्घिया नावाची गोगलगाय याच समुद्रपुष्पावर जगते आणि ते संपले की उपाशी मरते. काही जातींची पेपरमिंट कोळंबीही त्याला खाते. मात्र घरात नकोसा झालेला हाच जीव प्रयोगशाळेत फार मोलाचा ठरला आहे, कारण त्याच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवले प्रवाळांतील शैवलांच्या कुळातलीच असून, तापलेल्या समुद्रात प्रवाळ पांढरे का पडतात या प्रश्नाचा अभ्यास त्याच्यावर करता येतो.

केसाळ वलयी कृमींविषयी तर अकारण भय आहे. त्यांतले बहुतेक उरलेले अन्न फस्त करून पाणी शुद्ध राखतात. त्यांचे केस त्वचेत मोडून जळजळ होते, म्हणून उघड्या हाताने धरू नये, इतकेच. अपवाद युनिसी कुळातल्या बलाढ्य कृमींचा. इंग्लंडमधील न्यूकी येथील सार्वजनिक मत्स्यालयात प्रवाळांची नासधूस कोण करते हे कळेना, तेव्हा २००९ मध्ये तेथील खडक एकेक करून उचलावे लागले, आणि आतून सुमारे चार फूट लांबीचा कृमी बाहेर निघाला. रात्रीच्या टकटकीचाही असाच उलगडा करावा लागतो: ती पिस्तूल कोळंबीची असेल, तर तिच्या काही जाती गोबी माशाबरोबर एकाच बिळात गुण्यागोविंदाने नांदतात, पण मँटिस कोळंबीची असेल, तर सेकंदाला २३ मीटरपर्यंत वेगाने बसणारा तिचा आघात शिंपले फोडतो, आणि तिचा बंदोबस्त स्वतंत्र भांड्यातच केला पाहिजे.

एका बाबतीत मात्र कुतूहलापेक्षा सावधगिरी आधी हवी. पॅलिथोआ या गुच्छाकार जीवाच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते, जे हवाई विद्यापीठातील रिचर्ड मूर व पॉल शॉयर यांनी १९७१ मध्ये वेगळे काढले. हे जीव मारण्यासाठी खडकावर उकळते पाणी ओतणारे लोक त्या वाफेने गंभीर आजारी पडले आहेत.

आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे. पाषाण-प्रवाळांना २००१ पासून १९७२च्या वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्यामुळे, मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा हौसेखातर उचलून आणण्याचा विचारही वाचकांनी मनात आणू नये. आणि मत्स्यालय मोडताना त्यातले पाणी, दगड वा शैवल खाडीत वा समुद्रात कदापि सोडू नये. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली १९८४ मध्ये कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शैवलाचा जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा आढळला होता, आणि ते पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरले. २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या आग्वा हेडिओंडा खाजणात तेच शैवल उगवले, तेव्हा ताडपत्र्यांखाली क्लोरीन सोडून ते समूळ नष्ट झाल्याचे जाहीर करायला २००६ साल उजाडावे लागले.