धबधबा पाहायचा, पाण्यात उतरायचे नाही

तीन पावसाळे आमच्या घरात सहलीचा विषयच निघाला नव्हता. कारण सगळ्यांना ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी कोकणातल्या एका ओढ्यात आमची मुले खेळत होती. आमच्या डोक्यावर ऊन होते, पण वर डोंगरात पाऊस पडून गेला होता. ते आम्हाला कळलेच नाही. बघता बघता पाणी वाढले आणि आमचा दहा वर्षांचा भाचा मधल्या खडकावर अडकला. गावातल्या दोघांनी दोर टाकून त्याला बाहेर काढले. अल्लाहचे लाख लाख शुक्र, मूल सुखरूप परतले. पण त्या दिवसापासून अब्बांनी पावसाळी सहली बंद केल्या आणि भाच्याने पाण्याविषयी बोलणे बंद केले.

यंदा जुलैमध्ये अम्मींनीच विषय काढला. ‘‘मुलांना पाण्याची दहशत बसू द्यायची नाही आणि बेफिकिरीही शिकवायची नाही. जवळचे, सोपे ठिकाण शोधा,’’ त्या म्हणाल्या. अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी तीन अटी घातल्या. कोणीही प्रवाहात उतरायचे नाही. दुपारी बाराच्या आत परतीला लागायचे. आणि कोणीही ‘परत फिरू या’ म्हणाले, तर ते लहान मूल असले तरी सगळ्यांनी निमूटपणे परत फिरायचे.

ठिकाण कोणते?

आम्ही बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान निवडले. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध आहे. मुंबईला पाणी देणारे तुळशी आणि विहार हे तलाव याच डोंगरांत आहेत. दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्याही इथेच उगम पावतात. मुख्य फाटकापासून सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीची लेणी आहेत. पावसाळ्यात लेण्यांच्या मधल्या घळीतून पाणी कोसळते. तोच आमचा धबधबा.

हे ठिकाण सोपे का? बोरिवली स्टेशनपासून फाटक जवळ आहे. लेण्यांपर्यंत डांबरी रस्ता आहे. उद्यानाच्या बसने वर जाऊन उताराने पायी परतता येते. गुडघे दुखणाऱ्या अम्मींना दोन्ही वेळा बस, बाकीच्यांना उतरताना चाल, असे आम्ही ठरवले. सोमवारी उद्यान बंद असते आणि रविवारी गर्दी उसळते, म्हणून शनिवार ठरला. तिकिटाचे दर आणि वेळा बदलत असतात. बस चालू आहे ना, हेही आदल्या दिवशी विचारून घ्यावे. त्याच वेळी हवामान खात्याचा इशारा पाहावा. अतिवृष्टीचा इशारा असेल तर सहल पुढे ढकलावी. तिकीट फुकट गेले तरी हरकत नाही.

सोबत काय घ्यावे?

सामान जितके कमी तितके बरे. आमच्या पिशवीत एवढेच होते: प्रत्येकाला पाण्याची बाटली, कपड्यांचा एक कोरडा जोड, टॉवेल, मलमपट्टी, अम्मींची औषधे आणि एक चटई. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत. चपला आणि गुळगुळीत तळव्यांचे बूट घरीच ठेवावेत. बेसॉल्टच्या खडकावर शेवाळ आले की भलेभले घसरतात. आमच्याकडच्या बायकांनी पायघोळ बुरख्याऐवजी घोट्यापर्यंतचा, हलक्या कापडाचा अबाया घातला. पायऱ्या चढताना घोळ पायात येत नाही आणि भिजला तरी लवकर सुकतो.

खाण्यासाठी खिम्याचे पॅटिस, उकडलेली अंडी आणि खजूर डब्यात नेले. प्लास्टिकच्या पिशव्या नेल्या नाहीत. कान्हेरीला माकडे फार. हातात पुडी दिसली की ओढून नेतात, म्हणून डबे वर उघडलेच नाहीत. माकडांना काही खायला घालू नये, हे मुलांना आधीच बजावले होते. या जंगलात बिबटेही आहेत. ते सहसा माणसांपासून दूर राहतात. तरी मुलांना मधे ठेवून घोळक्याने चालावे, पायवाट सोडू नये आणि अंधार पडेपर्यंत रेंगाळू नये.

नमाजचे कसे?

ऑगस्टमध्ये मुंबईत जुहरची वेळ पावणेएकच्या सुमारास सुरू होते आणि दुपार बरीच सरेपर्यंत राहते. त्यामुळे घाई करावी लागत नाही. खाली उतरून फाटकाजवळच्या कोरड्या जागी नमाज अदा करायची, असे आम्ही ठरवले. वजूसाठी दोन बाटल्या वेगळ्या ठेवल्या. ओढ्यावर वजूला जायचे नाही, कारण घसरण्याची सर्वांत मोठी भीती काठावरच असते. लेण्यांत चटई टाकायची नाही, हेही ठरले. ते बौद्ध भिक्खूंचे शतकानुशतकांचे साधनास्थळ आहे. तिथे पाहुण्यासारखेच वागावे.

पाणी वाचायला शिकावे

प्रत्येक घराने मुलांना शिकवावी अशी ही गोष्ट आहे. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर पडलेला पाऊस थोड्याच वेळात खाली पोहोचतो. खडक पाणी मुरू देत नाही, म्हणून ओढा एकदम फुगतो. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागले, पाला आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, आवाज जड झाला, तर वाट न पाहता उंच जागी जावे. फोटोसाठी पाठ फिरवून काठावर उभे राहू नये. पाणी ओलांडून पलीकडे तर मुळीच जाऊ नये, कारण परत येण्याची वाट तीच असते.

त्या शनिवारी

साडेनऊला आम्ही लेण्यांपाशी होतो. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह पाहिले. दगडात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या पाहिल्या. पावसाचे पाणी पन्हळींतून त्यांत उतरते. कोरणाऱ्यांनी इथला पाऊस किती बारकाईने ओळखला होता, याचे अब्बांना फार कौतुक वाटले. मग घळीपासून अंतर राखून एका उंच कट्ट्यावर बसलो. समोर पांढरे पाणी खडकावरून उड्या घेत होते. अम्मी तसबीह हातात घेऊन नुसत्या पाहत राहिल्या.

पावणेअकराच्या सुमारास भाचा उठून उभा राहिला. आता तो तेरा वर्षांचा आहे. म्हणाला, ‘‘नानाजी, पाण्याचा रंग बदलला. जाऊ या?’’ आम्हाला तर काही वेगळे दिसत नव्हते. आणखी सव्वा तास हातात होता. छोट्या मुली कुरकुरल्या. पण अब्बा सगळ्यांच्या आधी उठले. ‘‘अट म्हणजे अट,’’ एवढेच बोलले आणि भाच्याचा हात धरून पायऱ्या उतरू लागले.

खरे सांगायचे तर त्या दिवशी पाणी फारसे वाढले नाही. एक सर आली आणि गेली. खाली आल्यावर धाकट्या मुलीने चिडवायला तोंड उघडले, तेव्हा अब्बांनी तिला थांबवले. ‘‘सावध करणाऱ्याला हसलो, तर पुढच्या वेळी तो बोलणार नाही. मग काय करायचे?’’

अब्बा-अम्मी बसने उतरले. आम्ही बाकीचे दोन तास ओल्या रस्त्याने चालत आलो. वाटेत आदिवासी बायकांकडून काकड्या घेतल्या. तीन वर्षे न बोललेला भाचा त्या ओढ्याची गोष्ट पहिल्यांदाच आपणहून सांगत होता: खडक किती गार होता, दोर कसा हातातून निसटत होता. आम्ही मधे बोललो नाही. फाटकाजवळ जुहर अदा करून डबे उघडले आणि असरपूर्वी घरी पोहोचलो.

सहलीची आखणी करताना बस, डबा, रेनकोट यांची यादी सगळेच करतात. आमची विनंती एवढीच की त्यात अब्बांची तिसरी अटही लिहून ठेवावी. पुढच्या पावसाळ्यातली जागा भाचा निवडणार आहे, इन्शाअल्लाह.