ट्रंपेट : विद्या आणि चरितार्थ

मुळा-मुठेवरचा बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवड्यात येणाऱ्यास कारागृह, आगाखान राजवाडा आणि डेक्कन कॉलेज यांचे स्मरण प्रथम व्हावे हे स्वाभाविकच आहे. परंतु पश्चिमेस खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, नदीपलीकडे लष्कराची वसाहत आणि त्याही पुढे पेठांतून गणेशोत्सवात मिरवणारी प्रभात, दरबार यांसारखी बँडपथके, असा शेजार ज्या वस्तीला लाभला तिथल्या एखाद्या होतकरू मुलाने ट्रंपेट हाती घेतले, तर त्यात नवल करण्याजोगे काही नाही. विचार करावयाचा तो त्याने पुढे काय करावे याचा.

आपल्या मुलखात या वाद्याची विद्या तीन वाटांनी आली. पहिली पलटणीची, जिला स्वतंत्र भारतात १९५० साली पचमढीस स्थापन झालेल्या लष्करी संगीत विभागाने शिस्तबद्ध रूप दिले. दुसरी गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांची. तेथे मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचावयास शिकवीत, आणि म्हणूनच हळदोण्यास १९१६ साली जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे रसिकांचे चिक चॉकलेट, मुंबईत ताजमहाल हॉटेलच्या मंचावर जितक्या सहजतेने वावरले तितक्याच सहजतेने सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात वावरू शकले. ‘अलबेला’त (१९५१) ते आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. कुडचड्याचे ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड तर याच विद्येच्या बळावर चित्रपटसंगीताच्या संयोजनापर्यंत आणि पुढे ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) या कोंकणी चित्रपटांच्या निर्मितीपर्यंत पोचले. तिसरी वाट वरातीची. तिच्यात कागद नाही. मास्तर चाल धरतो, बाकीचे ती कानाने उचलतात, आणि काल ऐकलेले गाणे आज नवरदेवाच्या घोड्यापुढे वाजते.

या तिसऱ्या वाटेला हिणवण्याची जी रीत सुशिक्षितांत आहे ती मला मान्य नाही. असा तयार कान पुस्तकाने येत नाही. मात्र ज्याला लिहिलेले वाचता येत नाही, त्याच्यासाठी पलटणीचे, ध्वनिमुद्रणगृहाचे आणि वाद्यवृंदाचे दरवाजे, हातात कितीही सफाई असली तरी, बंदच राहतात. येरवड्याच्या मुलाची खरी अडचण वाद्य महाग असण्याची नसून ही आहे.

आता रियाजाविषयी. ट्रंपेटला कळा तीनच. पहिली सूर एका स्वराने उतरवते, दुसरी अर्ध्याने, तिसरी दीड स्वराने. कळ न दाबता केवळ ओठ आणि श्वास यांच्या बळावर जे सूर निघतात ते बिगुलाचे किंवा आपल्या तुतारीचेच नैसर्गिक सूर होत. म्हणजे बोटांचे काम थोडे आणि ओठांचे फार. ओठ हा स्नायू आहे, आणि त्याला विश्रांती न देता तासन्‌तास उंच सूर फुंकणारा वादक आपल्याच भांडवलावर कुऱ्हाड चालवतो. म्हणून आरंभ खालच्या सप्तकातील लांब, संथ, हलक्या सुरांनी करावा. मग एकच कळ धरून केवळ ओठांनी सुरावरून सुरावर जावे. जितका वेळ वाजवले तितकाच वेळ थांबावे. आणि उंच सुरासाठी माउथपीस दातांवर दाबण्याची खोड पहिल्याच महिन्यात मोडावी. पॅरिसच्या आर्बानने १८६४ साली कॉर्नेटसाठी रचलेली अभ्यासपोथी आजही जगभरचे ट्रंपेटवादक गिरवतात, ती घ्यावी. मात्र मींड तीत शोधू नये. ती कळ अर्धवट दाबून आणि ओठ सैल सोडून साधावी लागते, व त्यासाठी गवयाचेच ऐकावे लागते. नेहमीच्या ट्रंपेटचा मोकळा सूर पेटीवरच्या काळी पाचचा. गायक काळी एकमध्ये गात असेल, तर दीड स्वर वर जाऊन तोच आपला षड्ज मानण्याची तयारी हवी. चाळीत राहणाऱ्याने भोंग्यात बसवावयाचा म्यूट अवश्य बाळगावा. शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेऊन कोणतीही कला वाढत नाही.

वाद्य बहुधा मेरठचे मिळेल. तेथील जाली कोठी मोहल्ला याच धंद्यावर जगतो आणि नादिर अली कंपनी १८८५ पासून तेथे आहे. मात्र खरेदीपूर्वी कळा अडकत नाहीत ना, हे जाणत्याकडून तपासून घ्यावे.

चरितार्थाचा हिशेब पंचांगाशी बांधलेला आहे. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत सुपाऱ्या असतात. चातुर्मासात गणेशोत्सव-नवरात्र वगळले तर हात रिकामा. केवळ वरातीच्या बिदागीवर संसार ठेवणे म्हणूनच धोक्याचे. वायुदल व नौदल यांत वादकांची अग्निवीर म्हणून भरती होते, पण ती नोकरी चार वर्षांची, हे ध्यानात धरूनच अर्ज करावा. मुंबईत २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला खरा, परंतु त्यातील बहुसंख्य वादक परदेशांतून आणावे लागले, ही गोष्ट आपल्या शिक्षणपद्धतीवर पुरेशी टीका करते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत-परीक्षा देऊन शिकवणी धरणे हा कमी दिमाखाचा पण भरवशाचा मार्ग आहे.

पुण्यातील बँडमालकांना एवढीच विनंती की, चातुर्मासाच्या रिकाम्या महिन्यांत त्यांनी पलटणीतून निवृत्त झालेल्या एखाद्या वादकास मानधन देऊन बोलवावे आणि आपल्या मुलांना स्वरलिपी शिकवावी. खर्च थोडा आहे, आणि तो पुढच्या सराईतच वसूल होईल.