हरण, उसनवारी आणि संपादकाचे वाचन

संस्कृत साहित्यशास्त्राने वाङ्मयचौर्याचा विचार फार पूर्वी केला आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या उक्तींतील साम्य तीन प्रकारचे मानले: प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन माणसांच्या देहांत आढळते तसे. पहिली दोन त्याज्य, तिसरे ग्राह्य. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण यांची स्वतंत्र चिकित्सा केली. हा विचार काव्याचा आहे. कवीने जुना अर्थ नव्याने मांडला तर ते त्याचे कौशल्य ठरते. संशोधकाने दुसऱ्याचा निष्कर्ष नव्या शब्दांत मांडून मूळ अभ्यासकाचे नाव गाळले तर ते चौर्यच होय. तथापि शब्दाचे हरण आणि अर्थाचे हरण निरनिराळ्या रीतीने ओळखावे लागते, ही दृष्टी संशोधन-नियतकालिकाच्या संपादकास आजही उपयोगी आहे. कारण आजची यांत्रिक तपासणी मुख्यतः शब्दांपुरतीच आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी साम्याचे चार स्तर ठरविले. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानून त्यास दंड नाही. पुढील मर्यादा ४० आणि ६० टक्क्यांच्या. ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास विद्यार्थ्याची प्रबंधासाठीची नोंदणीच रद्द होऊ शकते. रीतसर निर्देश केलेली अवतरणे, संदर्भसूची आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे सामान्य स्वरूपाचे साम्य हिशेबातून वगळायचे असते. ही व्यवस्था आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु टक्केवारी ही साम्याची मोजणी असते, चौर्याचा निर्णय नव्हे. अवतरणे नीट वगळली गेली नाहीत, तर संतवाङ्मयावरील प्रामाणिक निबंधही अभंगांच्या उद्धरणांमुळे दोषी दिसू शकतो. उलट, इंग्रजी समीक्षाग्रंथातील पानेच्या पाने मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर घातलेला निबंध सहज निर्दोष ठरतो. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला किंवा केवळ छापील स्वरूपात असलेला मजकूर तर यंत्राच्या तुलनेत बहुधा येतच नाही, आणि मराठी समीक्षेचा मोठा भाग अद्याप तेथेच आहे.

म्हणून जाणत्या परीक्षकाचे वाचन टाळता येत नाही. तुकारामांच्या गाथेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत अभंगांचे क्रमांक निरनिराळे आहेत. सूचीत एक आवृत्ती आणि निबंधातील क्रमांक दुसऱ्याच आवृत्तीचे, असे आढळल्यास लेखकाने गाथा उघडलीच नसून कोणाच्या तरी तळटीपा उचलल्या असाव्यात, असा संशय रास्त ठरतो. मूळ ग्रंथातला चुकीचा पृष्ठांक तीन लेखांत तसाच उतरत जातो तेव्हाही हेच घडलेले असते. ही दुय्यम उसनवारी कोणत्याही टक्केवारीत बसत नाही. म्हणूनच ती निर्धास्तपणे चालते.

संशय म्हणजे दोषसिद्धी नव्हे. निबंध छापण्यापूर्वी संशय आल्यास दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवून लेखकाकडे लेखी खुलासा मागावा. नवख्या विद्यार्थ्याने अवतरणचिन्हे गाळणे आणि जाणत्या अध्यापकाने अख्खे प्रकरण उचलणे यांस एकच माप लावणे अन्यायाचे होईल. शिक्षा देणे हे मात्र संपादकाचे काम नव्हे. ते लेखकाच्या संस्थेचे आहे. उपर्युक्त विनियमांनुसार विभागीय समितीने ४५ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. प्रताधिकाराची मुदत संपली होती, हा बचावही येथे चालत नाही. प्रताधिकार हा कायद्याचा प्रश्न आहे. मूळ कर्त्याचे श्रेय मुदतीने संपत नाही.

निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर चौर्य सिद्ध झाले, तर तो गुपचूप काढून टाकणे हा सर्वांत वाईट मार्ग. मधल्या काळात तो इतरांनी उद्धृत केलेला असतो, ग्रंथालयांत बांधला गेलेला असतो. मूळ अंक, पृष्ठांक, मागे घेण्याचे कारण आणि ज्याचे लेखन उचलले गेले त्या अभ्यासकाचे नाव, यांसह निवेदन पुढील अंकात छापावे, त्याची नोंद अनुक्रमणिकेतही करावी आणि संकेतस्थळावरील प्रतीवर ती मागे घेतल्याचा ठळक शिक्का ठेवावा.