पाळी जाण्याचा काळ आणि हरवलेली झोप

"डॉक्टर, झोपेची गोळी लिहून द्या," असे सांगत पंचेचाळिशीच्या आसपासच्या अनेक भगिनी दवाखान्यात येतात. थोडे खोदून विचारले की बाकीचे बाहेर पडते. रात्री अंगातून वाफा निघतात, कपडे घामाने भिजतात, छातीत धडधडते. दिवसा उगाच रडू येते, मुलांवर चिडचिड होते. घरचे म्हणतात, 'हिचा स्वभावच बदलला.'

स्वभाव नव्हे, शरीर बदलत असते. आपल्याकडे साधारण ४६-४७व्या वर्षी पाळी थांबते. त्याआधी काही वर्षे बीजकोशातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमीजास्त होऊ लागते. त्यामुळे मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र हळवे होते. जराशा उष्म्यानेही घाम सुटतो आणि झोप मोडते. झोप मोडली की मन खचते, मन खचले की झोप येत नाही.

काहींवर ही वेळ फार लवकर येते. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांवर दर हंगामात बीडकडून ऊसतोड मजूर येतात. २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश काढले तर रजोनिवृत्ती लगेच सुरू होते. बीजकोश ठेवले तरी ती लवकर येऊ शकते. म्हणून 'पिशवी काढली की कटकट मिटली' हा समज सोडा. शस्त्रक्रिया सुचवली, तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या.

मग करावे काय? झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, त्यांची सवय लागते. आधी रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईड तपासा. थायरॉईडच्या विकारातही अशीच लक्षणे दिसतात. दुपारनंतर चहा टाळा. मिश्री सोडाच, तिच्यातील निकोटीन झोप उडवते. सुती कपडे वापरा, झोपेची वेळ ठरवा, रोज चाला. त्रास फार असेल तर हार्मोनच्या औषधांनी चांगला आराम पडतो. मात्र स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी झालेली असेल तर ती सहसा देत नाहीत; निर्णय डॉक्टरांवर सोपवा. पाळी वर्षभर थांबून पुन्हा रक्तस्राव झाला, तर थोडाही असला तरी ताबडतोब तपासून घ्या.

दोन आठवडे सतत उदास वाटत असेल तर तो आजार समजून उपचार घ्या. जीव नकोसा वाटू लागला तर एक दिवसही थांबू नका. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही.

नवरेमंडळींना एकच सांगणे : या काळात तिला 'वेड लागलंय' म्हणू नका. रात्री झोप लागली का, एवढे सकाळी विचारा आणि दवाखान्यात तिच्यासोबत या.